महाकाय जातीच्या कुत्र्याचा विमा : खर्च किती, उपयोग किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रेट डेन, मॅस्टिफ किंवा सेंट बर्नार्डचं पिल्लू घरी येणार म्हटलं, की खाण्याच्या खर्चाची भीती सगळे घालतात. दवाखान्याच्या खर्चाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि खरा खड्डा तिथेच पडतो. हप्ते आणि बिलं जागोजागी वेगळी असतात, त्यामुळे खाली रकमा दिलेल्या नाहीत. हिशेब कसा मांडायचा ते दिलं आहे. तुमच्या हातात आलेल्या कोटेशनचे आकडे त्यात बसवा.

महाकाय म्हणजे नेमक्या कोणत्या जाती?

पूर्ण वाढ झाल्यावर साधारण ४५ किलोच्या वर जाणाऱ्या. ग्रेट डेन, इंग्लिश मॅस्टिफ, सेंट बर्नार्ड, न्यूफाउंडलंड, आयरिश वुल्फहाउंड, लिओनबर्गर, तिबेटन मॅस्टिफ यांच्याबद्दल वाद नसतो. बर्नीज माउंटन डॉग किंवा केन कोर्सो मात्र सीमेवरचे. एक कंपनी त्यांना ‘मोठी’ जात धरेल, दुसरी ‘महाकाय’. म्हणून दोन-तीन कोटेशन घ्यावीत.

पिल्लू मिश्र जातीचं असेल तर मोठेपणीचं अंदाजे वजन विचारलं जातं. ते कमी सांगून हप्ता वाचवायचा मोह होतो. पुढे केसपेपरवर ६२ किलो लिहिलेलं दिसलं, की चुकीची माहिती दिल्याचं कारण सांगून क्लेम अडवायला कंपनी मोकळी असते.

हप्ता लहान कुत्र्यापेक्षा इतका जास्त का?

पहिलं कारण वजन. भूल, वेदनाशामक, अँटिबायोटिक, सलाइन, सगळं किलोवर मोजलं जातं. ७ किलोच्या कुत्र्याचं अर्ध्या गोळीवर भागत असेल तर ७० किलोच्याला पाच गोळ्या लागतात, आणि सांध्यांचा किंवा हृदयाचा आजार असेल तर त्या रोज, कायमच्या. (केमोथेरपीत थोडी सवलत मिळते. तिथली बरीच औषधं शरीराच्या पृष्ठफळावर ठरतात, त्यामुळे वजन दहापट असलं तरी डोस साधारण साडेचारपटच होतो. एवढ्याने बिल हलकं वाटेल असं मात्र नाही.) हाडात बसवायच्या प्लेट आणि स्क्रू मोठे, उचलायला माणसं जास्त, एक्स-रेच्या फिल्मसुद्धा जास्त.

दुसरं कारण वय. आयरिश वुल्फहाउंडचं आयुर्मान साधारण ६ ते ८ वर्षं सांगतात, ग्रेट डेनचं ७ ते १०, सेंट बर्नार्डचं ८ ते १०. लहान जातीची कुत्री १२-१५ वर्षं सहज जगतात आणि सहाव्या वर्षी ऐन उमेदीत असतात. त्याच वयात वुल्फहाउंड म्हातारा झालेला असतो. मोठी बिलं उतारवयात येतात हा नियम दोघांनाही लागू आहे, फक्त इथे ते उतारवय फार लवकर येतं.

आणि कंपन्या हे दर हवेत ठरवत नाहीत. स्वीडनमध्ये कुत्र्याची पहिली विमा पॉलिसी १९२४ साली निघाली; आज तिथे बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो. त्या क्लेमच्या नोंदींवरून कोणत्या जातीला काय होतं आणि कधी होतं याचे अभ्यास झाले आहेत. तुमच्या कुत्र्याच्या जातीला पुढे काय काय होऊ शकतं, हे कंपनीला बहुधा तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

कोणते आजार खिसा रिकामा करतात?

सगळ्यात आधी पोटाचा पीळ. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वायूने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं. आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन्ही वाटा बंद होतात, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा दगावू शकतो. सारख्या कोरड्या ओकाऱ्या, लाळ गळणं, एका जागी न बसणं आणि ढोलकीसारखं ताठ झालेलं पोट ही लक्षणं दिसली, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. उपचार म्हणजे तातडीची शस्त्रक्रिया, पुढचे काही दिवस अतिदक्षता विभाग, हृदयाच्या ठोक्यांवर सतत नजर. कधी प्लीहाही काढावी लागते. २००३ सालच्या एका विश्लेषणात ग्रेट डेनला आयुष्यभरात याच कारणाने मरण येण्याची शक्यता ३६.७ टक्के निघाली. रॉटवायलरची ३.९ टक्के होती. दोघेही मोठेच कुत्रे, पण जोखमीत इतका फरक. ‘मोठं कुत्रं आहे, विमा घ्या’ असा सरसकट सल्ला म्हणूनच पुरेसा नसतो. जात बघून बोलावं लागतं.

मग सांधे. न्यूफाउंडलंडमध्ये कोपर आणि खुबा, सेंट बर्नार्डमध्ये मुख्यतः खुबा. दुखणं वर्षभराच्या आतच सुरू होऊ शकतं आणि शेवटचा उपाय खुबा बदलण्यापर्यंत जातो. गुडघ्याचं लिगामेंट तुटणं हाही नेहमीचा प्रकार. त्यात मेख अशी, की एका गुडघ्याचं तुटलेल्या कुत्र्यांपैकी ४० ते ६० टक्क्यांचं पुढे दुसऱ्याही गुडघ्याचं तुटतं. दोन शस्त्रक्रियांचं बजेट धरलेलं बरं.

हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय पसरण्याचा आजार ग्रेट डेन आणि आयरिश वुल्फहाउंडमध्ये ठळकपणे दिसतो. इथे एक मोठं बिल येत नाही. ईको (हृदयाची सोनोग्राफी), २४ तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठोके नोंदवणारं यंत्र), रोजच्या गोळ्या आणि दर काही महिन्यांनी पुन्हा हेच, अशी बिलांची रांग लागते.

हाडाचा कर्करोग तर या शरीरयष्टीचाच शाप आहे; लहान कुत्र्यांत तो क्वचित आढळतो. पाय काढणं आणि केमोथेरपी हे दोन्ही करूनही निम्मे कुत्रे १० ते १२ महिन्यांपलीकडे जात नाहीत. विम्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की सगळा खर्च बहुधा एकाच पॉलिसी-वर्षात येतो. वार्षिक मर्यादा तोकडी असेल तर ती नेमकी तेव्हाच संपते.

ग्रेट डेन आणि मॅस्टिफमध्ये मानेच्या मणक्यांचा त्रासही असतो, ज्याला वॉबलर म्हणतात. निदानालाच एमआरआय लागतो.

जठर आधीच टाके घालून बसवून घेतलं, तर विमा लागेल का?

गॅस्ट्रोपेक्सी म्हणजे जठर पोटाच्या आतल्या भिंतीला शिवून टाकणं. बहुतेकदा ती नसबंदीच्या वेळीच, एकाच भुलेत उरकतात. पोट फुगणं यामुळे थांबत नाही, पण पीळ पडण्याची शक्यता फारच कमी होते. वर सांगितलेल्या विश्लेषणात ग्रेट डेनचा या आजाराने होणारा मृत्यूचा धोका शस्त्रक्रियेमुळे सुमारे २९ पटींनी खाली आला होता.

ही शस्त्रक्रिया प्रतिबंधक आहे. त्यामुळे नेहमीची अपघात-आजार पॉलिसी तिचे पैसे सहसा देत नाही. काही ठिकाणी वेलनेसच्या, म्हणजे लसी-तपासण्यांसारख्या नेहमीच्या खर्चाच्या, जोडपॉलिसीतून थोडे मिळतात. मला विचाराल तर ग्रेट डेन असेल तर विम्याची वाट न पाहता स्वतःच्या पैशाने करून घ्या. सगळ्या पानात इतका सरळ फायद्याचा सौदा दुसरा नाही. पण सांधे, हृदय आणि हाडांचे आजार यांचा जठराशी काही संबंध नाही, त्यामुळे विम्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो लहान मात्र होतो.

आयुष्यच सात-आठ वर्षांचं, मग विमा कशाला?

हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी चालतो. हप्ते कमी वर्षं भरावे लागतात हे खरं. पण लहान कुत्र्याच्या मालकाला पहिल्या मोठ्या बिलाआधी आठ-दहा वर्षं बचतीला मिळतात, तुम्हाला कदाचित दोनच मिळतील. खुब्याचा दोष आठव्या महिन्यात कळला, तर तेव्हा तुमच्या बचत खात्यात कितीसे पैसे असणार? महाकाय जातीत विम्याची खरी किंमत आहे ती या पहिल्या तीन-चार वर्षांत.

आयुष्यभराचा हप्ता कसा मोजू?

पहिल्या वर्षाचा हप्ता गुणिले आठ, असं करू नका. वयाबरोबर हप्ता चढतो. पहिला हप्ता १०० मानू आणि तो दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढतो असं समजू (हे फक्त उदाहरण आहे, खरा वेग कंपनीला विचारा, जमल्यास त्याच जातीच्या आठ वर्षांच्या कुत्र्याचं कोटेशन मागून बघा). आठव्या वर्षीचा हप्ता २६६ होतो आणि आठ वर्षांची बेरीज ८०० नव्हे, तर सुमारे १३७३.

पॉलिसी बिलाच्या ८० टक्के परत देत असेल, तर १३७३ हातात यायला मान्य झालेली बिलं सुमारे १७१६ व्हायला हवीत, आणि वजावट (बिलातली तुम्ही स्वतः भरायची ठरावीक रक्कम) धरली तर आणखी जास्त. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या सतरापटीहून अधिक. एका निरोगी न्यूफाउंडलंडच्या बाबतीत तेवढी बिलं कधीच होणार नाहीत. ज्या ग्रेट डेनला पोटाचा पीळ आणि दोन गुडघे असं सगळं वाट्याला आलं, त्याची तिसऱ्या वर्षापर्यंतच होऊन जातील.

कंपनीला धंदा चालवायचा असतो, तेव्हा सरासरी ग्राहक जितकं भरतो त्याहून कमीच परत मिळवतो. हे मान्य करूनच विमा घ्यावा. स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सगळ्यात वाईट वर्षाचं बिल उद्या समोर आलं, तर कर्ज न काढता भरता येईल का? येत असेल तर विमा ऐच्छिक आहे. येत नसेल, तर पैशाअभावी कुत्र्याला दयामरण द्यायचा निर्णय घ्यावा लागू नये, याची ती किंमत आहे.

तेवढेच पैसे दरमहा बाजूला टाकले तर?

चालतं, दोन अटींवर. एक, सुरुवातीलाच एका मोठ्या शस्त्रक्रियेएवढी रक्कम टाकता आली पाहिजे. दोन, ते पैसे घराच्या गळतीला किंवा फोनच्या हप्त्याला हात लावू न देता ठेवण्याची शिस्त हवी. दुसरी अट बहुतेकांना जड जाते. मधला मार्ग चांगला आहे: वजावट मोठी निवडून हप्ता खाली आणायचा आणि वजावटीएवढी रक्कम वेगळी ठेवायची. छोटी बिलं स्वतः भरायची, विमा फक्त मोठ्या घावासाठी. कान सुजला, नख तुटलं यासाठी क्लेम करून मिळतं थोडकं, आणि केसपेपरची पानं वाढतात.

पिल्लू किती वयाचं असताना घ्यावा?

घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात. खरं सांगायचं तर कोणती कंपनी निवडता यापेक्षा कधी घेता हे जास्त महत्त्वाचं आहे.

अपघाताचं संरक्षण सहसा काही दिवसांत सुरू होतं, आजाराचं बहुतेकदा १४ दिवसांनी. पण हाडं-सांध्यांसाठी प्रतीक्षाकाळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो. दोन महिन्यांच्या पिल्लाचा विमा काढला तर तो काळ आठव्या महिन्यात संपतो. त्रासाचं वय तिथूनच सुरू होतं. पिल्लू वर्षाचं झाल्यावर जागे झालात तर नेमका हाच काळ उघडा पडतो. काही कंपन्या पशुवैद्याकडून सांध्यांची तपासणी करून दिली तर हा काळ कमी करतात. विचारून घ्या.

‘आधीपासूनचा आजार’ यात काय काय मोडतं?

वाटतं त्याहून बरंच. निदान झालेलं असण्याची गरज नसते; लक्षण दिसलं होतं एवढं पुरतं. या जातींच्या पिल्लांना वाढीच्या वयात हाडांचा एक तात्पुरता दाह होतो, पॅनोस्टायटिस. आज हा पाय, पुढच्या आठवड्यात तो, असं लंगडतात आणि काही महिन्यांत आपोआप बरे होतात. पण केसपेपरवर नुसतं ‘मागचा पाय लंगडतो’ असं लिहिलेलं असेल, तर तीन वर्षांनी खुब्याच्या क्लेमच्या वेळी तीच ओळ पुढे येते. डॉक्टरांना विनंती करा की निदान झाल्यावर ते नावानिशी लिहावं, आणि त्रास थांबल्यावर थांबल्याची नोंदही करावी. खोटं काही लिहून घ्यायचं नाही, अर्धवटही ठेवायचं नाही.

याच्याच पोटात दोन्ही बाजूंचं कलम असतं. डाव्या गुडघ्याचा त्रास विम्याआधीचा असेल तर उजवाही वगळला जातो. वर दिलेला ४० ते ६० टक्क्यांचा आकडा आठवला, की हे कलम कंपनीला का हवं असतं ते कळतं.

पॉलिसी वाचताना कुठे थांबायचं?

आनुवंशिक आणि जन्मजात दोष वगळलेत का, हे पहिलं. वगळले असतील तर पुढचं पान उलटू नका. महाकाय जातीला होणाऱ्या महागड्या आजारांपैकी निम्म्यांवर कंपनी बोट ठेवून ‘आनुवंशिक’ म्हणू शकते.

मग मर्यादा. वार्षिक मर्यादा दरवर्षी नव्याने भरते का? आजारागणिक वेगळी मर्यादा आहे का? काही पॉलिसी एका आजाराचे पैसे १२ महिनेच देतात आणि नंतर तो आजार कायमचा बाहेर. हृदयाच्या आजारात असली पॉलिसी दुसऱ्या वर्षी कागदापुरतीच उरते.

वजावट वार्षिक आहे की आजारागणिक, हेही बघा. एकाच वर्षात तीन वेगळे त्रास झाले तर वार्षिक बरी. एकच आजार पाच वर्षं चालला तर ‘त्या आजाराला आयुष्यात एकदाच’ वाली बरी.

वजावट आधी कापतात की टक्केवारी आधी लावतात, यावर लोक फार डोकं घालतात. बिल १००, वजावट १०, परतावा ८० टक्के धरा. वजावट आधी कापली तर ७२ मिळतात, नंतर कापली तर ७०. बिल १००० झालं तरी फरक दोनचाच राहतो. त्यापेक्षा फिजिओथेरपी, पाण्यातले व्यायाम आणि तपासणीची फी धरली आहे का ते विचारा. साठ किलोच्या कुत्र्याला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पायावर उभं करायचं, तर तो खर्च टळत नाही.

फक्त अपघात-विमा स्वस्त पडतो. तो घेऊ का?

महाकाय जातीसाठी नको. वरची आजारांची यादी पुन्हा बघा; त्यात अपघात जवळपास नाहीच.

आई-वडिलांच्या खुब्यांचे दाखले असतील तर हप्ता कमी होतो का?

सहसा नाही. धोका मात्र कमी होतो, म्हणून पिल्लू घेण्याआधी दाखले मागाच. अमेरिकेतल्या ओएफए या कुत्र्यांच्या सांध्यांचे दाखले देणाऱ्या संस्थेचा पक्का दाखला कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच मिळतो. पेनहिप पद्धतीची (एक्स-रेवरून खुब्याचा सैलपणा मोजणारी) तपासणी १६ आठवड्यांपासून करता येते. स्वतःच्या पिल्लाची तपासणी करायची असेल तर आधी विमा सुरू होऊ द्या, प्रतीक्षाकाळ संपू द्या.

माझ्या कुत्र्याने कुणाला इजा केली तर?

तो दायित्वाचा भाग आहे. काही पॉलिसींत तो असतो, काहींत वेगळा घ्यावा लागतो, काही ठिकाणी घराच्या विम्यातच बसतो. चावायचीच गरज नाही. सत्तर किलोचं प्रेमळ जनावर अंगावर उडी मारूनही एखाद्या आजींचा हात मोडू शकतं. घ्या.

सहा वर्षांचा सेंट बर्नार्ड दत्तक घेतला आहे. आता काही उपयोग?

नवीन नोंदणीची वयोमर्यादा महाकाय जातींसाठी काही कंपन्या खाली ठेवतात, तेव्हा पहिला अडथळा तोच. पुढे मागचे कागद मिळवा. कागद स्वच्छ असतील आणि कंपनी घेत असेल, तर वार्षिक मर्यादा चांगली असलेली पॉलिसी दोन-तीन वर्षांसाठी परवडते का ते मोजा. खुबे आणि हृदय आधीच वगळले जाणार असतील, तर उरलेल्या संरक्षणासाठी एवढा मोठा हप्ता भरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. तिथे बचत बरी.

हप्ता फार वाढला. कंपनी बदलू का?

कुत्र्याला आजवर काहीच झालं नसेल तर बिनधास्त चौकशी करा. झालं असेल तर नव्या कंपनीसाठी तो सगळा ‘आधीपासूनचा’ आजार ठरतो आणि प्रतीक्षाकाळ पुन्हा शून्यापासून. त्याआधी जुन्याच कंपनीकडे वजावट वाढवून हप्ता किती उतरतो ते विचारा. नूतनीकरणाची तारीख मात्र चुकवू नका. खंड पडला की जुनी पॉलिसीही नवीच धरली जाऊ शकते.

क्लेमचे पैसे लगेच मिळतात का?

बहुतेक पॉलिसी परताव्याच्या आहेत: बिल आधी तुम्ही भरता, कागद पाठवता, मग पैसे येतात. पोटाला पीळ पडलेलं कुत्रं रात्री दोनला घेऊन गेलात, तर दवाखाना शस्त्रक्रियेआधी अनामत मागू शकतो, आणि त्या वेळी विमा कंपनीचा फोन लागेलच असं नाही. तुमच्या जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय थेट कंपनीकडून पैसे घेतं का, हे आजच विचारून ठेवा. घेत नसेल तर तेवढी मर्यादा असलेलं कार्ड किंवा रोख हाताशी असू द्या. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे गुडघा किंवा खुबा, कंपनीची पूर्वमंजुरी लेखी घ्या. मंजूर रक्कम आणि वगळलेल्या बाबी त्यात आधीच कळतात. पाठवताना बिल बाबवार फोडलेलं असावं, सोबत पहिल्या लसीपासूनचा सगळा केसपेपर जोडावा. कागद अपुरे असणं हे क्लेम रखडण्याचं नेहमीचं कारण आहे.